माळरानातून संग्रहालयाच्या कपाटापर्यंत

इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या माळावर फिरणारा लांडगा आणि बारामती तालुक्यात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा, या दोघांचे शास्त्रीय बारसे एकाच माणसाने एकाच वर्षी केले. वर्ष होते 1831 आणि माणूस होता विल्यम हेन्री साईक्स, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर काही वर्षांनी, 1824 मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमले. दख्खनची जमीन, पिके, माणसे, हवापाणी यांची मोजदाद करणे हे त्याचे सरकारी काम. ते करता करता त्याने इथले प्राणी, पक्षी आणि मासेही गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि इंग्लंडला परतल्यावर लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे त्यांच्या याद्या मांडल्या.

त्या यादीत आपला लांडगा ‘कॅनिस पॅलिपेस’ झाला आणि चिंकारा ‘अँटिलोपे बेनेटी’. पुढच्या वर्षी पक्ष्यांची यादी आली. तळ्याकाठी मान आखडून बसणारा वंचक बगळा आणि माळावरचा तो छोटा तुरेवाला चंडोल, ज्याला आजही साईक्सचे नाव आहे, हे दोन्ही त्या 1832 च्या यादीतले. आजच्या ग्रंथांत चिंकाऱ्याच्या नावापुढे ‘साईक्स, 1831’ हे शब्द कंसात छापलेले असतात आणि भारतीय लांडग्याच्या नावापुढे ते कंसाविना असतात. यामागे एक नियम आहे. मूळ नाव देताना जो गण ठरवला तो पुढे बदलला, तर नाव देणाऱ्याला कंसात टाकतात. चिंकारा नंतर ‘गॅझेला’ गणात गेला, लांडगा ‘कॅनिस’मध्येच राहिला. एवढ्याशा कंसात जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास मावतो.

नाव देणे ही मात्र नुसती कागदावरची गोष्ट नसते. नव्या प्राण्याचे किंवा वनस्पतीचे वर्णन करताना ते कोणत्या प्रत्यक्ष नमुन्यावरून केले हे आज सांगावेच लागते आणि तो नमुना कुठल्या तरी संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. त्याला प्रमाण नमुना म्हणू. शंभर वर्षांनी कुणाला शंका आली की हे नाव नक्की कोणत्या प्राण्याचे, तर त्याने त्या कपाटापाशी जावे, नमुना काढावा आणि ताडून पाहावे. संग्रहालयाचा हा भाग प्रेक्षकांना सहसा दिसत नाही. दालनात दिसतात ते थोडे नमुने. मागच्या बाजूला बंद खणांत, डांबरगोळ्यांच्या वासात, त्याच्या कितीतरी पट नमुने पडून असतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना 15 सप्टेंबर 1883 ला झाली आणि तिच्या हॉर्नबिल हाउसमधल्या संग्रहात आज लाखाहून जास्त नमुने आहेत. सामान्य माणूस त्यातला एकही न बघता त्या इमारतीवरून पुढे जातो.

पक्ष्याचा नमुना कसा होतो ते पाहू. मेलेला पक्षी हातात आला की आधी वजन, मग पंखाची, चोचीची आणि पायाच्या नळीची लांबी. डोळ्याचा आणि चोचीचा रंग लगेच लिहून घ्यायचा, कारण तो काही तासांत उडतो. नंतर छातीच्या हाडाच्या टोकापासून खाली पोटावर एक चीर देतात आणि तिथून सगळी कातडी उलटी करत सोलून काढतात. ओल टिपायला मक्याचे पीठ किंवा बारीक भुसा टाकत राहतात. मेंदू, डोळे आणि मांस काढून टाकायचे. कवटीचा पुढचा भाग, पंखांची आणि पायांची हाडे कातडीलाच ठेवायची. आतली इंद्रिये उघडून नर की मादी हे पाहायचे. पूर्वी कातडीला आतून सोमलाचा साबण लावत, म्हणून जुने नमुने आजही हातमोजे घालून हाताळतात. आता बहुधा टाकणखार वापरतात. शेवटी आत कापूस भरून, चीर शिवून, पक्षी उताणा ठेवून वाळवतात. तो जिवंत दिसावा अशी अपेक्षाच नसते. खणात शेजारी शेजारी पन्नास चंडोल ठेवून त्यांची पाठ, पोट, चोच सहज तुलना करता यावी, यासाठी ही सगळी मांडणी.

सस्तन प्राण्याची कातडी वेगळी आणि कवटी वेगळी ठेवतात. कवटीवरचे मांस सुरीने पूर्ण निघत नाही, म्हणून ती चामडे आणि सुके मांस खाणाऱ्या भुंग्यांच्या पेटीत ठेवतात. भुंग्यांच्या अळ्या दातांच्या फटींपर्यंत साफ करून देतात आणि हाडाला ओरखडाही येत नाही. हेच भुंगे पेटीतून सुटून कातड्यांच्या खणात शिरले तर संग्रहाचा नाश करतात, त्यामुळे त्यांची खोली निराळी असते. मासे, बेडूक, साप आधी फॉर्मलिनमध्ये आणि मग मद्यार्कात जातात. कीटकांना टाचणी.

या सगळ्या खटाटोपानंतर पायाला एक चिठ्ठी बांधतात. माझ्या मते नमुन्यातला सगळ्यात मोलाचा भाग ही चिठ्ठी. तीवर न पुसणाऱ्या शाईने गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, मापे आणि क्रमांक असतो. चिठ्ठी हरवली की उरते ती फक्त वाळलेली कातडी. ती दिसायला तशीच असते, पण तिला काही विचारता येत नाही.

साईक्सच्या बाबतीत हीच उणीव जाणवते. त्याच्या यादीत लांडग्याचे आणि चिंकाऱ्याचे मूळ स्थान म्हणून ‘दख्खन’ एवढेच धरता येते. त्याच्या पाहणीत पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड एवढा मुलूख होता. त्याचा लांडगा भीमेकाठचा की तापीकाठचा, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. त्याने कंपनीच्या लंडनमधल्या संग्रहालयाला नमुने दिले. पुढे तो संग्रह मोडला आणि त्यातले पुष्कळ प्राणी ब्रिटिश म्युझियमकडे गेले. एवढे जपूनही गाव मात्र मिळत नाही.

माशांच्या बाबतीत साईक्सने थोडे अधिक केले. त्याने कित्येक माशांना इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नाव म्हणून दिली. खुद्री, कोलूस, नुक्ता ही त्यातली काही. 1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि इंदापूरच्या बाजूने वाहणारी भीमा रुंद, संथ जलाशय बनली. आज तिथे परदेशी तिलापिया आणि आफ्रिकी मांगूर यांचा सुळसुळाट आहे. धरणापूर्वी, मांगूर येण्यापूर्वी नदीत काय पोहत होते याचा पुरावा जुन्या याद्यांत आणि मद्यार्काच्या बरण्यांतच उरतो. नदी आता तो देऊ शकत नाही.

दालनातली मांडणी हे मात्र संशोधनापेक्षा वेगळे शास्त्र आहे. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, 10 जानेवारी 1922 ला लोकांसाठी उघडले. त्याचा निसर्ग विभाग नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीने उभा राहिला. सलीम अली यांची पहिली निसर्गाची नोकरी याच विभागातली. 1926 मध्ये ते तिथे मार्गदर्शक व्याख्याते झाले आणि शाळेच्या मुलांना काचेमागचे प्राणी समजावून सांगू लागले. काचेमागच्या अशा देखाव्यात मागचा पडदा गोलाकार असतो, म्हणजे कोपरा दिसत नाही आणि नजर लांब गेल्याचा भास होतो. पुढे खरी माती, खरे दगड, वाळवून रंगवलेले गवत. रंगवलेली जमीन आणि खरी जमीन जिथे मिळते तो सांधा एखाद्या झुडपाआड किंवा उंचवट्याआड लपवतात. प्राण्याच्या आत पेंढा नसतो. स्नायूंचा आकार देऊन घडवलेल्या साच्यावर कातडी चढवलेली असते. चांगला देखावा पाहताना प्राण्याबरोबर त्याच्या पायाखालचे गवतही वाचावे. कारागिराने तेही तितक्याच मेहनतीने केलेले असते.

बारामतीत अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या आवारात 2022 मध्ये विज्ञान केंद्र सुरू झाले आणि त्याच सुमारास माळाचे महत्त्वही नव्याने लोकांपर्यंत जाऊ लागले. पुणे वन विभागाने शिर्सुफळ आणि कडबनवाडी इथे गवताळ माळांची सफारी सुरू केली. खोकड, तरस, धाविक, पखुर्डी हे सगळे तिथे काचेविना दिसू शकतात. मुलांना आधी सफारी आणि मग मुंबईचे दालन दाखवावे. उलट क्रमाने नेले तर माळ त्यांना रिकामा वाटतो.

माळ रिकामा आहे हा समज खूप जुना आहे आणि त्याला दप्तराचा आधार आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 च्या सुमारास मुंबई इलाख्यातली शेतवार जमाबंदीची नवी पद्धत पहिल्यांदा बसवली ती इंदापूर तालुक्यातच. मातीची खोली आणि पोत पाहून तिची प्रत लावायची आणि त्यावर सारा ठरवायचा. शेतकऱ्याच्या दृष्टीने आधीच्या अंदाधुंदीपेक्षा ते बरे होते. परंतु जिथे नांगर चालत नाही तिथल्या जमिनीला या हिशेबात जागाच नव्हती. ती खराबा झाली, पडीक झाली. मग पडीक जमिनीवर झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरले आणि गवताच्या माळावर गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या राहिल्या. चिंकाऱ्याला मोकळे मैदान लागते, चंडोल जमिनीवर घरटे करतो, धनगराच्या मेंढ्यांना कुसळी आणि मारवेल लागते. त्यांच्यासाठी ती दाट सावली संकट असते. मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झाले तेही पाच चौरस किलोमीटरच्या आसपास. लांडग्याच्या एका कळपाला एवढे क्षेत्र पुरत नाही. त्याचे खरे घर अभयारण्याबाहेरच्या गायरानांत, वनखात्याच्या तुकड्यांत आणि पडीक शेतांत विखुरलेले आहे.

या लांडग्याबद्दल नवे काय कळले, ते प्रयोगशाळेतून कळले. 2004 मध्ये मातेकडून येणाऱ्या डीएनएच्या अभ्यासातून असे दिसले की भारतातल्या लांडग्यांच्या शाखा जगातल्या इतर लांडग्यांपासून फार पूर्वी फुटल्या. 2021 मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचून हेच अधिक ठाशीवपणे मांडले गेले: भारतीय लांडगा हा आज जिवंत असलेल्या लांडग्यांतल्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक आहे. साईक्सने रंग, केस आणि पाय पाहून जो वेगळा ठरवला, तो रक्तानेही वेगळा निघाला.

पुढची बातमी चिंतेची. पुण्याजवळच्या माळांवर काही हौशी छायाचित्रकारांना विचित्र रंगाचे लांडगे दिसले. त्यांचे फोटो ग्रासलँड्स ट्रस्टपर्यंत पोहोचले, नमुने मिळवले गेले आणि बंगळुरूच्या एनसीबीएस व एट्री या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी त्यांचा डीएनए आसपासच्या लांडग्यांशी आणि गावकुत्र्यांशी ताडून पाहिला. ते प्राणी लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून झालेले निघाले. भारतातला हा पहिला जनुकीय पुरावा 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. गावाच्या कडेला कचरा साठतो, त्यावर कुत्री वाढतात, माळ आखडतो आणि लांडग्याला जोडीदार मिळेनासा होतो. संकर तिथून सुरू होतो.

इथे जुन्या कातडीचे मोल कळते. संकर किती जुना, किती खोल, हे ठरवायला संकरापूर्वीचा लांडगा हवा, आणि तो कपाटात आहे. जुन्या नमुन्यातला डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो. पायाच्या गादीचा नखाएवढा कपचा किंवा कवटीतल्या पातळ हाडाचा कण काढून, बाहेरचा डीएनए शिरणार नाही अशा बंद खोलीत तो वाचावा लागतो. ज्याने शंभर वर्षांपूर्वी तो नमुना ठेवला त्याला डीएनए म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. त्याने फक्त कातडी नीट वाळवली आणि चिठ्ठी बांधली.

प्राण्यांपेक्षाही जागेचे महत्त्व कुठे कळत असेल तर ते मोरगावला. कऱ्हा नदी मोरगावावरून बारामतीकडे जाते आणि पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते. मयूरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या लाखो लोकांना कल्पना नसते, पण तिथल्या कऱ्हेच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा फिकट थर आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला असाच थर आधी, 1980 च्या दशकात, नोंदला गेला होता. मोरगावला डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. राखेच्या सोबतीने अश्युलियन पद्धतीची दगडी हत्यारे मिळाली, हातकुऱ्हाडी आणि त्यासारखी.

ही राख आली कुठून? आपला सगळा प्रदेश लाव्हाच्या काळ्या कातळाचा, पण तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्यात सिलिकाचे प्रमाण कमी. नदीकाठची राख सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पारदर्शक, वाकड्या काचेच्या कपच्या दिसतात. त्या फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती. त्यांत सिलिका भरपूर असते. काचेतल्या मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले की प्रत्येक ज्वालामुखीची स्वतंत्र ओळख पटते, आणि मोरगावची ओळख जुळते ती सुमात्रा बेटावरच्या टोबाशी, तीन हजार किलोमीटरहून दूर. टोबाच्या महास्फोटाने पडलेल्या खड्ड्यात आज सुमारे शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. आकाशातून पडलेली राख पावसाने उतारावरून धुऊन नदीत आणली, तिच्यावर लगेच गाळ बसला, म्हणून ती टिकली.

वयाचा प्रश्न मात्र अजून भांडणाचा आहे. टोबा एकदाच फुटला नाही. त्याचा शेवटचा मोठा स्फोट सुमारे 74,000 वर्षांपूर्वीचा आणि 1995 मध्ये काही संशोधकांनी भारतातली राख रासायनिकदृष्ट्या त्याचीच असल्याचे मांडले. दुसऱ्या बाजूला आर्गॉन पद्धतीने बोरी आणि मोरगावच्या राखेचे वय सात ते आठ लाख वर्षे आले. या पद्धतीत स्फटिकात साठलेला आर्गॉन वायू मोजतात. पण राख वाहताना तिच्यात जुन्या खडकाचे कण मिसळले तर वय फुगते. उलट तरुण राख मानली तर इतकी जुन्या धाटणीची हत्यारे तिच्यासोबत कशी, हे समजावून सांगावे लागते. ती हत्यारे जुन्या गोट्यांच्या थरातून निसटून खाली आली का? हा वाद ज्या एका गोष्टीवर सुटू शकतो ती म्हणजे हत्यार नेमके कुठे होते: राखेखाली, राखेत की राखेवर, आणि किती सेंटिमीटरवर. एखाद्याने उत्साहाने ती हातकुऱ्हाड उचलून घरच्या फळीवर ठेवली, की हे उत्तर कायमचे बंद होते. दगड हाती राहतो, माहिती जाते.

कायद्यानेही हौसेने गोळा करण्याचे दिवस आता सरले आहेत, आणि ते योग्यच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लांडगा आणि चिंकारा दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत प्राणी पकडणे तर नाहीच, रस्त्यावर गाडीखाली मेलेला चिंकाराही परस्पर उचलता येत नाही. वन खात्याला कळवावे लागते. संशोधक आता विष्ठा, गळालेले केस आणि सापळा-कॅमेऱ्याचे फोटो वापरतात. तरी चिठ्ठी तीच: गाव, तारीख, कोणी पाहिले. फोनमध्ये फोटोबरोबर वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदले जाते. तोच फोटो दहा जणांकडे पुढे पाठवत गेला की ही माहिती गळते, म्हणून मूळ फोटो जपून ठेवावा.

भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या नावाड्यांच्या हाती आणखी एक नोंद येऊ शकते. नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1959 पासून पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास हाती घेतला आणि हजारो पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घातली. हिमालय ओलांडून उजनीवर येणाऱ्या राजहंसाच्या पायात किंवा मानेत असा क्रमांक दिसला, तर दुर्बिणीतून वाचून तो तारखेसह सोसायटीला कळवावा. पक्षी मेलेला सापडला तर कडी जागच्या जागी राहू द्यावी, फोटो घ्यावा.

आणि एक काम असे आहे की ज्याला ना परवाना लागतो ना प्रयोगशाळा. ब्लॅटर आणि मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचा ग्रंथ 1935 मध्ये निघाला. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि भारतीय वनस्पति सर्वेक्षणाचे केंद्र, दोन्हीकडे वाळवलेल्या वनस्पतींचे संग्रह आहेत. बारामती-इंदापूरच्या शाळा-महाविद्यालयांनी आपापल्या गावच्या गायरानातले गवत असेच ठेवावे. रोप मुळासकट आणि तुऱ्यासकट घ्यायचे, उंच असेल तर दुमडायचे, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबायचे, कागद रोज बदलायचा. आठ-पंधरा दिवसांत वाळले की जाड कागदावर चिकटवायचे. खालच्या उजव्या कोपऱ्यात गाव, गट क्रमांक, तारीख, माती, तिथे मेंढ्या चरतात का आणि गोळा करणाऱ्या मुलाचे नाव. नाव ओळखता आले नाही तरी चालेल. ते पुढे कुणी तज्ज्ञ लिहील. गाव आणि तारीख मात्र नंतर कुणालाच लिहिता येणार नाही. गोळा करायचे ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत फुलोऱ्यावर असताना. दिवाळीनंतर कुसळीचे तुरे झडतात आणि ओळखण्याजोगे फारसे हाती लागत नाही.